रणगाड्यांचा नावडता सेनानी

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळले आणि जर्मन सेना इंग्लिश खाडीच्या काठावर येऊन उभी ठाकली. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून त्या वेळी स्थानिक संरक्षणासाठी स्वयंसेवकांची पथके उभी राहत होती. वयोमानामुळे सैन्यात जाऊ न शकणारे शेतकरी, दुकानदार, निवृत्त नोकरदार त्यांत नाव नोंदवीत. सर्वांना पुरतील इतक्या बंदुकाही नव्हत्या. ग्लॉस्टरशर परगण्यातील चिपिंग कॅम्पडेन या गावच्या पथकात लान्स कॉर्पोरलची फीत लावलेला एक पंचावन्न वर्षांचा गृहस्थ होता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ ब्रिटिश सैन्यात मेजर जनरल होता आणि इजिप्तमधील चिलखती डिव्हिजन त्याच्या हुकमतीखाली होती. त्याचे नाव पर्सी होबार्ट.

जर्मनांनी त्या उन्हाळ्यात जे केले ते होबार्टला नवे नव्हते. शत्रूच्या फळीत एका ठिकाणी भगदाड पाडायचे, रणगाड्यांचा लोंढा त्यातून आत घुसवायचा आणि बाजूची चिंता न करता थेट पिछाडीचे मर्म गाठायचे, ही युद्धरीती तो स्वतः दहा वर्षे शिकवीत आला होता. शत्रू ती विद्या वापरून जिंकत होता आणि ज्या देशात ती विद्या प्रथम विचारात घेतली गेली, त्या देशाने आपल्या आचार्याला एका प्रतिकूल अहवालाच्या आधारे घरी बसविले होते. रणगाड्याच्या इतिहासात यंत्राची प्रगती जितकी आहे, तितकीच यंत्र न समजणाऱ्या यंत्रणेची कथाही आहे. होबार्टच्या चरित्रात या दोन्ही कथा एकत्र आलेल्या दिसतात.

नैनितालचा सॅपर

होबार्टचा जन्म १४ जून १८८५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. शिक्षणासाठी मुलाची रवानगी अर्थातच इंग्लंडला झाली. क्लिफ्टन कॉलेज आणि वुलिच येथील लष्करी अकादमी असा प्रवास करून १९०४ मध्ये तो रॉयल इंजिनिअर्स या दलात दाखल झाला आणि लवकरच रूडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये हिंदुस्थानात परतला. सॅपर म्हणजे सैन्याचा वाटाड्या कारागीर. नदीवर पूल बांधणे, तटाला सुरुंग लावणे, चिखलात रस्ता करणे ही त्याची कामे. सॅपर स्वतः कितीही शूर असला, तरी त्याचे श्रम असतात ते दुसऱ्याला पुढे जाता यावे म्हणून. होबार्टच्या आयुष्यातील ही पहिली दीक्षा होती. मधल्या काळात ती तो जणू विसरला आणि उतारवयात तीच त्याच्या कामी आली.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याबरोबर तो फ्रान्समध्ये गेला. १९१५ च्या मार्चमध्ये नव्ह शापेल येथील लढाईत हिंदी शिपायांनी मोठे शौर्य गाजविले. त्या लढाईतील कामगिरीबद्दल होबार्टला मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे मेसोपोटेमियात असताना, मार्च १९१८ मध्ये, टेहळणीसाठी गेलेले त्याचे विमान खाली आले आणि तो तुर्कांच्या हाती सापडला. कैद्यांना घेऊन माघार घेणाऱ्या तुर्की तुकडीचा पाठलाग ब्रिटिशांच्या चिलखती मोटारींनी वाळवंटातून केला आणि त्याला सोडवून आणले. वेग आणि चिलखत यांचा संयोग काय करू शकतो, याचा प्रत्यय त्याला असा स्वतःच्या सुटकेतून आला.

घोडा आणि यंत्र

रणगाडा हे खंदकयुद्धाच्या कोंडीतून जन्मलेले अपत्य होते. मशीनगन आणि काटेरी तारा यांच्यापुढे पायदळाचे हल्ले फुकट जात होते. एकेका कोसासाठी हजारो माणसे मरत होती. तारा तुडवीत, खंदक ओलांडीत आणि गोळ्यांना न जुमानता पुढे जाणारे एखादे वाहन असावे, ही कल्पना काही इंग्रज अधिकाऱ्यांना सुचली. भूसैन्याने ती मनावर घेतली नाही, तेव्हा नौदलखात्याचा मंत्री असलेल्या चर्चिलने १९१५ मध्ये तिच्यासाठी एक समिती नेमली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रात हे यंत्र प्रथम उतरले. नेमलेल्या ४९ रणगाड्यांपैकी सुमारे ३२ जेमतेम हल्ल्याच्या जागेपर्यंत पोचले, इतरांनी वाटेतच दम तोडला. नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रे येथे मात्र चारशेहून अधिक रणगाड्यांनी एका दिवसात जर्मन फळी फोडली. मिळालेला मुलूख पुढे दहा-बारा दिवसांत बव्हंशी परत गेला, तरी फळी फोडता येते हे सिद्ध झाले.

युद्ध संपले आणि प्रश्न उभा राहिला, की या यंत्राचे करायचे काय? पायदळाच्या चालीने त्याच्यासोबत रखडणारे ते एक साधन मानायचे, की स्वतःच्या वेगाने लढणारे स्वतंत्र दल? फुलर आणि लिडेल हार्ट या दोन लेखकांनी दुसरी बाजू हिरिरीने मांडली. होबार्ट त्या पक्षाला जाऊन मिळाला आणि नुसता मिळाला नाही, तर १९२३ मध्ये जुने प्रतिष्ठित इंजिनिअर दल सोडून त्याने रॉयल टँक कोअरमध्ये बदली मागून घेतली. हे दल तेव्हा सैन्यात पोरके समजले जाई. त्यानंतरची चार वर्षे त्याने क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजात अध्यापन केले. तेथील वास्तव्यात एका अधिकाऱ्याच्या पत्नीशी त्याचे प्रेम जुळले, घटस्फोट झाला आणि १९२८ मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. त्या काळच्या लष्करी समाजात हा अक्षम्य अपराध होता. होबार्टच्या मतांचा ज्यांना राग होता त्यांना त्याच्या वर्तनाचे निमित्तही मिळाले आणि पुढे मतभेद कोणते व आकस कोणता, हे निवडणे कठीण होऊन बसले.

१९२७ मध्ये सॉल्झबरीच्या माळावर इंग्रजांनी जगातील पहिले प्रायोगिक यांत्रिक दल उभारले आणि पुढच्याच वर्षी ते मोडून टाकले. १९३४ मध्ये कायमची अशी पहिली टँक ब्रिगेड स्थापन झाली आणि तिचे नेतृत्व होबार्टकडे आले. हाती असलेले रणगाडे जुने होते, पैसा तुटपुंजा होता. त्याने भर दिला तो रेडिओवर. प्रत्येक रणगाड्याने एकट्याने भरकटण्याऐवजी सेनापतीच्या एका शब्दावर सारी ब्रिगेड वळली पाहिजे, धावत्या रणगाड्यातून हुकूम सुटले पाहिजेत आणि रात्रीसुद्धा कूच झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. आज हे सर्व सामान्य वाटते. त्या काळी बव्हंशी देशांचे रणगाडे अजून झेंड्यांच्या खुणांवर विसंबून होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मोठी युद्धकवायत झाली. यांत्रिक दलाच्या विजयामुळे पायदळाचा धीर खचू नये, म्हणून कवायतीच्या अटी त्या दलाला जाचक होतील अशा ठेवण्यात आल्या. यांत्रिक दलाच्या सेनापतीचे आणि होबार्टचे आपसांतही एकमत नव्हते. कवायत फसली आणि रणगाड्यांच्या टीकाकारांना हवा तो दाखला मिळाला. अश्वदळाचे घोडे काढून त्याला मोटारी देण्याची वेळ आली, तेव्हा १९३६ मध्ये युद्धमंत्र्याने पार्लमेंटात जवळजवळ क्षमायाचनेचा सूर लावला. व्हर्सायच्या तहाने ज्या जर्मनीला रणगाडा बाळगण्याचीही मनाई होती, तिने मात्र १९३५ मध्येच आपल्या पहिल्या तीन पँझर डिव्हिजन उभ्या केल्या होत्या. त्यांचा शिल्पकार हाइन्झ गुडेरियन इंग्रज लेखकांचे लेख आणि होबार्टच्या ब्रिगेडचे वृत्तांत भाषांतरित करून घेऊन वाचीत असे, असे सांगतात.

एक प्रतिकूल शेरा

१९३८ च्या म्यूनिक संकटाच्या वेळी होबार्टला घाईने इजिप्तला धाडण्यात आले. कैरोजवळ विखुरलेल्या तुकड्या गोळा करून त्यांतून एक फिरते चिलखती दल घडवायचे, असे ते काम होते. तेथील वरिष्ठाने त्याचे स्वागत नाराजीनेच केले. तुकड्यांची अवस्थाही शोचनीय होती. काही जुने रणगाडे, विसाव्या वर्षांच्या आसपास बनलेल्या रोल्स रॉइस मोटारी आणि सुट्ट्या, पोलो व मेजवान्या यांत रमलेले अधिकारी, असा तो संसार होता. त्या फिरत्या दलाला लोक थट्टेने अचल दल म्हणत. होबार्टने त्यांना वाळवंटात नेले. ताऱ्यांवरून आणि होकायंत्रावरून वाट काढणे, पाणी व पेट्रोल मोजून वापरणे, विखुरलेले राहूनही रेडिओवर एकत्र वळणे, हे त्याने त्यांच्याकडून महिनोन् महिने घोटून घेतले. या दलाचीच पुढे सातवी चिलखती डिव्हिजन झाली. वाळवंटी उंदीर या नावाने तिने जगभर कीर्ती मिळविली.

परंतु गुरूला त्या कीर्तीत वाटा मिळायचा नव्हता. १९३९ च्या अखेरीस, युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, त्याचा वरिष्ठ जनरल विल्सन याने त्याच्याविषयी प्रतिकूल अहवाल लिहिला. होबार्ट रणगाड्याला अजिंक्य समजतो, इतर दलांना लेखीत नाही आणि त्याच्या स्वभावामुळे वरिष्ठांचा व सहकाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही, असा त्याचा आशय होता. सरसेनापती वेव्हेलने त्यावर मान्यतेची मोहोर उमटविली. १९४० च्या आरंभी होबार्ट सक्तीने सेवानिवृत्त झाला.

कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. गोपनीय अहवालाचे सामर्थ्य असे असते, की त्यात खरे व खोटे बेमालूम मिसळलेले असते. होबार्टचा स्वभाव खरोखरच तापट होता. मूर्खपणा त्याला सहन होत नसे आणि समोरच्याचा मूर्खपणा तो त्याच्या हुद्द्याकडे न पाहता त्याच्या तोंडावर सांगत असे. विल्सनच्या आक्षेपात तथ्यही होते. रणगाडेच रणगाड्यांशी लढतील आणि पायदळ व तोफखाना मागून येईल, अशी होबार्टच्या पंथातील अनेकांची श्रद्धा होती. पुढे १९४१ च्या नोव्हेंबरात बीर एल गुबी येथे ब्रिटिश रणगाडे पायदळाच्या आधारावाचून शत्रूच्या तोफांवर चालून गेले आणि मोठी हानी सोसून परतले. ही चूक वाळवंटात पुनःपुन्हा घडली आणि तिच्या मुळाशी रणगाडेवाद्यांचा अतिरेक काही अंशी होताच.

मात्र एखाद्याच्या विचारात उणीव आहे, म्हणून त्याचे सारे ज्ञान फेकून देण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या दोन महिन्यांत जनरल ओकॉनरच्या सुमारे ३६,००० सैन्याने इटालियनांची एक संपूर्ण सेना नष्ट केली. सुमारे १,३०,००० कैदी हाती लागले. या मोहिमेच्या आरंभी सिदी बर्रानीच्या विजयात हिंदी सैन्याच्या चौथ्या डिव्हिजनचा मोठा वाटा होता आणि अखेरीस वाळवंट आडवे कापून इटालियनांची परतीची वाट ज्या दलाने अडविली, ती होती होबार्टने घडविलेली सातवी डिव्हिजन. वेव्हेलचा तो विजय गाजला, तेव्हा त्या डिव्हिजनचा गुरू अद्याप हाती कोणतेही सैन्य नसलेला माणूस होता.

पुनरागमन

होबार्टच्या अवहेलनेची हकीकत लिडेल हार्टने १९४० च्या ऑगस्टमध्ये वृत्तपत्रातून लोकांपुढे मांडली. चर्चिल आता पंतप्रधान होता. रणगाड्याच्या जन्मात त्याचा हात होता आणि नोकरशाहीने बाजूला सारलेल्या माणसाच्या वेदना त्याला स्वानुभवाने ठाऊक होत्या. ऑक्टोबरमध्ये त्याने होबार्टला बोलावून घेतले आणि सेनाप्रमुखांना त्याच्या नेमणुकीविषयी निक्षून लिहिले. केवळ गोड स्वभावाच्या माणसांपुरती सेनापतिपदे राखून ठेवण्याइतकी देशाची स्थिती सुखाची नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. तरीही यंत्रणा नमायला आणखी काही महिने गेले. होबार्टनेही आपल्या अटी पुढे केल्या होत्या, त्या मान्य झाल्या नाहीत. अखेर मार्च १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्या अकराव्या चिलखती डिव्हिजनची जबाबदारी त्याने पत्करली.

ती डिव्हिजन तयार होऊन आघाडीवर निघण्याची वेळ आली, तेव्हा १९४२ मध्ये त्याच्या वयाचा आणि प्रकृतीचा प्रश्न उपस्थित करण्यात आला. तो आता सत्तावन्न वर्षांचा होता. चर्चिलने पुन्हा हस्तक्षेप करून त्याला सेवेत राखले, पण घडविलेली डिव्हिजन त्याच्या हातून गेलीच. १९४४ च्या सप्टेंबरात अँटवर्प काबीज करणारी अकरावी डिव्हिजन तीच. दोन उत्तम डिव्हिजन घडवायच्या आणि दोन्ही दुसऱ्यांनी लढवायच्या, असा विलक्षण योग होबार्टच्या नशिबी होता. त्याच्याकडे आता एकोणऐंशीवी डिव्हिजन देण्यात आली. साधनसामग्रीच्या अभावी तीही मोडण्याच्या बेतात होती. तिला जीवदान मिळाले ते एका पराभवामुळे.

दिएपचा धडा

१९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप या बंदरावर दोस्तांनी छापा घातला. सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिक त्यात होते. दिवस संपेपर्यंत त्यांतील ३,३०० हून अधिक ठार, जखमी वा कैदी झाले. रणगाडे किनाऱ्यावर उतरले, परंतु गोट्यांच्या वाळवंटात अनेकांचे पट्टे निसटले. जे त्यातून सुटले त्यांना समुद्राकाठची भिंत आणि रस्त्यांवरचे काँक्रीटचे अडथळे पार करता आले नाहीत. ते अडथळे स्फोटकांनी उडविण्यासाठी आलेले सॅपर उघड्या किनाऱ्यावर मशीनगनखाली बळी पडले. शहरात एकही रणगाडा शिरू शकला नाही.

युरोपवर स्वारी करायची तर ही भिंत भेदणे अटळ होते. सेनाप्रमुख अ‍ॅलन ब्रुकने मार्च १९४३ मध्ये हे काम होबार्टकडे सोपविले. सुरुंग, खंदक, भिंती, चिखल आणि पाणी यांतून सैन्याला वाट करून देणारे खास रणगाडे तयार करायचे आणि ते चालविणारी माणसे शिकवायची, असा तो आदेश होता. रूडकीचा सॅपर आणि सॉल्झबरीचा रणगाडेवादी हे होबार्टचे दोन अवतार येथे प्रथमच एकमेकांना भेटले. ज्याच्यावर पायदळाला तुच्छ लेखण्याचा आरोप होता, त्याच्याकडे पायदळाचे प्राण वाचविणारी यंत्रे बनविण्याचे काम आले आणि आयुष्यातील सर्वोत्तम कार्य त्याच्या हातून याच कामात घडले.

या यंत्रांतील बहुतेक कल्पना त्याच्या स्वतःच्या नव्हत्या आणि त्याने तसा दावाही केला नाही. साखळ्यांनी जमीन झोडपून सुरुंग फोडण्याची युक्ती एका दक्षिण आफ्रिकी अधिकाऱ्याची होती आणि तिचे प्राथमिक रूप एल अलामीनला वापरलेही गेले होते. पाण्यावर तरंगणारा रणगाडा हंगेरीत जन्मलेल्या निकोलस स्ट्रॉस्लर या अभियंत्याचा होता. सॅपरांना चिलखताच्या आत बसवून अडथळ्यापर्यंत न्यावे, ही सूचना दिएपनंतर एका कॅनेडियन इंजिनिअर अधिकाऱ्याने केली होती. होबार्टने या विखुरलेल्या कल्पना एकत्र आणल्या, त्यांतील टाकाऊ भाग बाजूला सारला, उरलेल्यांची निर्मिती होईपर्यंत कारखान्यांचा व खात्यांचा पिच्छा पुरविला आणि त्यांच्याभोवती युद्धतंत्र रचले.

शर्मन रणगाड्याच्या पुढे फिरता रूळ बसवून त्याला ४३ साखळ्या लावल्या होत्या. ताशी दोन किलोमीटरच्या गतीने जमीन बडवीत तो निघाला, की मागे सुरुंगमुक्त वाट तयार होई. चर्चिल जातीच्या रणगाड्यावर एक आखूड, जाड नळीची तोफ होती. तिचा १८ किलोचा बॉम्ब फार दूर जात नसे, पण काँक्रीटच्या चिंध्या करी. याच रणगाड्यावर कधी पूल लादलेला असे, कधी खंदकात टाकण्यासाठी लाकडांची प्रचंड मोळी असे, तर कधी पुढच्या रिळावर जाड कापडाचा गालिचा गुंडाळलेला असे. मऊ चिकणमातीवर तो अंथरीत अंथरीत रणगाडा स्वतःच त्यावरून पुढे जाई. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अशी माती कोठे आहे, हे शोधण्यासाठी दोन अधिकारी १९४३ च्या अखेरच्या रात्री पोहत जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावरील वाळूचे नमुने घेऊन आले होते. आणखी एका रणगाड्यामागे १,८०० लिटर ज्वालाग्राही इंधनाची गाडी जोडलेली असे. त्याच्या नळीतून शंभर मीटरपर्यंत आग फेकली जाई. हे शस्त्र भयंकर होते आणि कित्येकदा त्याच्या नुसत्या दर्शनानेच तटबंदीतील सैनिक शरण येत.

सैनिक या यंत्रांना होबार्टची चमत्कारिक बाळे म्हणून हसत. होबार्ट मात्र हसण्यावारी काही नेत नव्हता. सफोकच्या किनाऱ्याजवळ जर्मन तटबंदीच्या हुबेहूब प्रतिकृती बांधून त्यांवर अहोरात्र सराव चालला होता. फ्रिटन तलावात तरंगत्या रणगाड्यांचे शिक्षण गुप्तपणे दिले जात होते. बुडत्या रणगाड्यातून बाहेर कसे पडायचे, हेही शिकविले जाई. सुरुंग झोडपणाऱ्या रणगाड्यांवर जी दले नेमली गेली, ती नावाने व परंपरेने घोडेस्वारांची होती. ज्या अश्वदळाशी त्याचा जन्मभर वाद झाला, त्याचेच वारस आता त्याच्या हाताखाली जमीन नांगरण्यासारखे हे संथ, धोक्याचे आणि मान नसलेले काम शिकत होते व उत्तम प्रकारे शिकत होते.

स्वारीच्या भूसेनेचे नेतृत्व माँटगोमरीकडे होते. तो होबार्टचा मेहुणा. होबार्टची बहीण बेटी ही त्याची पत्नी १९३७ मध्ये कीटकदंशाने झालेल्या विषबाधेने अकाली वारली होती. माँटगोमरीने या यंत्रांचे महत्त्व ओळखले आणि हल्ल्याच्या पहिल्या लाटेत त्यांना स्थान दिले. ६ जून १९४४ च्या पहाटे ब्रिटिश व कॅनेडियन सैन्याच्या तिन्ही किनाऱ्यांवर ही यंत्रे पायदळाच्या सोबत, काही ठिकाणी त्याच्याही आधी, उतरली. सर्व काही योजनेप्रमाणे घडले नाही. खवळलेल्या समुद्राने कित्येक बेत उधळले आणि अनेक रणगाडे किनाऱ्यावरच जळाले. तथापि सुरुंगांतून वाटा निघाल्या, भिंतींना पूल लागले आणि दिएपची पुनरावृत्ती झाली नाही.

अमेरिकनांनी या यंत्रांपैकी मुख्यतः तरंगते रणगाडे तेवढे घेतले होते. ओमाहा किनाऱ्यावर त्यांच्या एका बटालियनने दूर समुद्रात सोडलेल्या २९ पैकी २७ रणगाडे बुडाले. त्या किनाऱ्यावर दोन हजारांहून अधिक माणसे हताहत झाली. इतर यंत्रे असती तर हा संहार टळला असता काय, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. ओमाहाचे उंच कडे आणि तेथील कडवे जर्मन सैन्य यांचा विचार करता, उत्तर सरळ नाही. परंतु उघड्या किनाऱ्यावर हातांनी सुरुंग काढणाऱ्या अमेरिकन सॅपरांना त्या दिवशी जे भोगावे लागले, ते दिएपच्या सॅपरांच्या भोगाहून फारसे वेगळे नव्हते.

एकोणऐंशीवी डिव्हिजन एकसंध अशी कधीच लढली नाही. तिच्या तुकड्या गरजेप्रमाणे सैन्यभर वाटल्या जात आणि काम होताच पुन्हा दुसरीकडे जात. वाहनांच्या संख्येने ती सामान्य चिलखती डिव्हिजनच्या कित्येक पट झाली. तिचा सेनापती मात्र कोणतीही लढाई आपली म्हणून सांगू शकत नव्हता. दुसऱ्यांच्या लढायांत आपली माणसे नीट वापरली जात आहेत ना, एवढे पाहत तो आघाडीवर हिंडत असे. सप्टेंबर १९४४ मध्ये ल हाव्र हे भक्कम तटबंदीचे बंदर अठ्ठेचाळीस तासांत पडले. सुमारे ११,००० जर्मन शरण आले आणि हल्ला करणाऱ्यांची हानी पाचशेच्या आत राहिली. या यशाला एक काळी किनारही आहे. हल्ल्यापूर्वीच्या बॉम्बवर्षावात त्या शहरातील सुमारे दोन हजार फ्रेंच नागरिक मृत्युमुखी पडले. यंत्रांनी सैनिकांचे प्राण वाचविले, निरपराध्यांचे वाचविता आले नाहीत. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन ओलांडताना सैनिकांना पैलतीरी नेणारी पाणगाडी वाहनेही याच डिव्हिजनची होती.

मागे काय उरले

होबार्ट १९४६ मध्ये, या वेळी सन्मानाने, निवृत्त झाला. पुढे काही वर्षे चेल्सी येथील वृद्ध सैनिकांच्या आश्रमाचे उपप्रमुखपद त्याने सांभाळले आणि १९ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे निधन झाले. सर हा किताब आणि परदेशी पदके त्याला मिळाली, मात्र रणांगणावर स्वतःची सेना लढविण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

त्याच्या यंत्रांची संतती मात्र आजच्या सर्व प्रमुख सैन्यांत आहे. १९७१ च्या डिसेंबरात बसंतर नदीच्या लढाईत भारतीय सॅपर रणगाड्यांना जोडलेल्या साधनांनी सुरुंगपट्ट्यातून वाट काढीत होते. ती वाट पूर्ण होण्यापूर्वीच पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे तीतून पलीकडे गेले आणि त्यांनी पाकिस्तानी चिलखती दलाचा प्रतिहल्ला मोडून काढला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे हौतात्म्य त्याच लढाईतील. पूर्वीच्या अहमदनगर येथील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन हे रणगाडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या लोखंडामागचा हा वाद सहसा सांगितला जात नाही.

तो वाद संपलेलाही नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या दक्षिण आघाडीवर पाश्चात्त्य बनावटीचे उत्तम रणगाडे दाट सुरुंगपट्ट्यांपुढे अडकून पडले आणि वाट काढणारी वाहनेच आधी टिपली गेली. स्वस्त ड्रोन आता रणगाड्याचा माथा शोधीत फिरतात. रणगाड्याचे युग संपले, असे पुन्हा बोलले जात आहे. असे भाकीत यापूर्वीही अनेकदा झाले आहे. दर वेळी प्रश्न रणगाड्याच्या चिलखताचा कमी आणि त्याला इतर दलांची साथ कशी द्यायची हे नव्याने शिकण्याचा अधिक होता. होबार्टला तो धडा शिकायला वीस वर्षे लागली, पण तो शिकला.

त्याला काढून टाकणारे लोक दुष्ट नव्हते. विल्सन आणि वेव्हेल हे दोघेही कर्तबगार सेनापती होते. त्यांनी जो अहवाल लिहिला वा मान्य केला, तो त्यांच्या दृष्टीने प्रामाणिक होता. म्हणूनच ही कथा विचार करायला लावते. कोणत्याही मोठ्या संस्थेत तापट, हेकट आणि बहुतांशी बरोबर असलेल्या माणसाविरुद्ध प्रामाणिक अहवाल लिहिणे नेहमीच सोपे असते. अशा माणसाला त्याच्या दोषांसकट नांदवून घेण्याची व्यवस्था मात्र लष्करात नसते, विद्यापीठात नसते आणि सरकारी कचेरीतही नसते. ब्रिटनला ऐनवेळी एक चर्चिल लाभला, म्हणून चिपिंग कॅम्पडेनचा लान्स कॉर्पोरल परत आला. ज्यांच्यासाठी कोणी चर्चिल आला नाही, अशांची नावे इतिहासात सापडत नाहीत. त्यांचे अहवाल तेवढे दप्तरांत बांधलेले असतात.